गृहकर्ज थकले, दारावर नोटीस लागली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. गृहकर्जाचे हप्ते थकले आहेत, बँकेची नोटीस आली आहे आणि घर वाचवण्यासाठी काही करता येईल का, असे वाचक विचारतात. त्यामुळे या अंकात अन्य प्रश्न बाजूला ठेवून ही पत्रेच घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

उत्तरांकडे वळण्याआधी एक आठवण सांगतो. मी बँकेच्या वसुली विभागात काम करत होतो, तेव्हा एक गृहस्थ घराच्या लिलावाच्या चार दिवस आधी माझ्यासमोर येऊन बसले. हातात कापडाची पिशवी होती आणि पिशवीत बँकेने पाठवलेली अकरा पाकिटे होती. पोस्टमनच्या पावतीवर त्यांनी सह्या केल्या होत्या, पण पाकिटे फोडलेली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ती एकेक करून उघडली. पाचव्या पाकिटात त्यांच्याच अर्जाला बँकेने दिलेले उत्तर होते. मुदत वाढवून हप्ता कमी करायला बँक तयार होती, फक्त पगाराची कागदपत्रे तीस दिवसांत द्यायची होती. ते तीस दिवस सात महिन्यांपूर्वीच उलटून गेले होते. खालच्या प्रत्येक उत्तरात तारखांवर मी इतका भर का देतो, हे त्यावरून वाचकांच्या ध्यानात यावे.

प्रश्न (चिंचवड): मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो. कामगारकपातीत नोकरी गेली आणि चार हप्ते थकले. कर्जाची बाकी सुमारे २५ लाख आहे, व्याज ९ टक्के, १५ वर्षे शिल्लक आणि हप्ता २५,३५७ रुपये. अठरा दिवसांपूर्वी ‘सरफेसी कायदा, कलम १३(२)’ अशी नोटीस आली असून ६० दिवसांत संपूर्ण २५ लाखांहून अधिक रक्कम भरा, असे तिच्यात म्हटले आहे. पुढच्या महिन्यापासून नवी नोकरी लागते आहे, पण पगार कमी आहे. घरचे म्हणतात, किल्ल्या बँकेला देऊन मोकळे व्हा. तसे करावे का?

उत्तर: करू नका. किल्ल्या दिल्याने घर जाते, पण कर्ज जातेच असे नाही. घर विकून आलेली रक्कम बाकीपेक्षा कमी पडली, तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्याविरुद्ध वेगळी कारवाई करू शकते. त्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १३(१०) मध्ये आहे.

तुमच्या हातात अजून ४२ दिवस आहेत आणि नवी नोकरीही आहे. या टप्प्यावरच्या माणसासाठी ही परिस्थिती पुष्कळ बरी आहे, म्हणून आधी धीर धरा आणि नोटीस नीट वाचा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते ‘अनुत्पादित’ होते, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए. त्यानंतरच २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला ६० दिवसांची मागणी नोटीस देता येते. या कायद्याची ताकद अशी, की कोर्टात दावा न लावता तारण घराचा ताबा घेण्याचा आणि ते विकण्याचा अधिकार बँकेला मिळतो. दिवाणी न्यायालयाला यात हस्तक्षेप करता येत नाही, त्यामुळे ‘कोर्टात केस उभी राहील तेव्हा बघू’ म्हणणाऱ्याला बघण्याची संधी बहुधा मिळतच नाही.

नोटिशीत संपूर्ण येणे रक्कम मागितलेली पाहून लोकांचे हातपाय गळतात. मात्र गृहकर्जाच्या बाबतीत, थकलेले सगळे हप्ते आणि त्यावरचे आकार भरून खाते पुन्हा नियमित झाले, तर बँका सहसा पुढची कारवाई थांबवतात. तुमचे चार हप्ते मिळून १,०१,४२८ रुपये होतात. पाचवा थकला तर १,२६,७८५ होतील. या ठिकाणी एक नियम ठाऊक असलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की खाते एकदा एनपीए झाले की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित वर्गात येत नाही. म्हणून तुम्ही एखादा हप्ता भरून निश्चिंत राहिलात, तर तो पैसा कर्जात जमा होईल, पण कारवाईचे घड्याळ थांबणार नाही. जी रक्कम जमवाल ती संपूर्ण थकबाकीच्या हिशेबाने जमवा आणि भरण्याआधी ‘ही रक्कम भरल्यास १३(२) च्या नोटिशीवर पुढील कारवाई होणार नाही’ असे शाखेकडून लेखी घ्या.

पैसा कोठून आणावा, हा खरा प्रश्न आहे. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी आगाऊ रक्कम मिळण्याची तरतूद आहे. आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज मिळते. घरातले सोने काही महिन्यांसाठी तारण ठेवणे हा पर्याय मनाला लागतो खरा, पण नवी नोकरी निश्चित असेल तर तो समंजस पर्याय आहे. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपमधून किंवा खासगी सावकाराकडून पैसे उचलून गृहकर्जाचा हप्ता मात्र भरू नका. ९ टक्क्यांचे कर्ज फेडायला त्याच्या कितीतरी पट व्याजाचे कर्ज काढले, तर सहा महिन्यांनी दोन्ही थकतात.

दुसरी बाजू दरमहाच्या हप्त्याची. पगार कमी झाला असल्याने थकबाकी भरूनही जुना हप्ता झेपणार नसेल, तर मुदत वाढवून मागा. तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवतो. १५ ऐवजी २० वर्षे केली, तर हप्ता २५,३५७ वरून सुमारे २२,४९३ वर येतो. महिन्याला सुमारे २,८६० रुपयांची उसंत मिळते. तिची किंमत अशी, की एकूण परतफेड सुमारे ८ लाख ३४ हजारांनी वाढते. तरीही घर वाचत असेल तर ही किंमत मोजावी, आणि पगार सुधारला की जास्तीची रक्कम भरून मुदत पुन्हा खाली आणावी, असे माझे मत आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही. आर्थिक अडचणीमुळे दिलेली अशी सवलत बँकेच्या दृष्टीने कर्जाची ‘पुनर्रचना’ ठरते आणि ती देणे बँकेवर बंधनकारक नाही. म्हणून अर्जासोबत नव्या नोकरीचे नेमणूकपत्र, जुन्या कारखान्याचे कार्यमुक्तीचे पत्र, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि घरखर्चाचा प्रामाणिक ताळेबंद जोडा. ‘साहेब, सांभाळून घ्या’ असे तोंडी सांगणाऱ्यापेक्षा, अमुक तारखेपासून अमुक रक्कम भरतो असे लिहून देणाऱ्याचा अर्ज वरिष्ठांपुढे ठेवणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते. खुर्चीच्या पलीकडे बसलेल्यालाही वर कागद पाठवावा लागतो.

याच अर्जाला कलम १३(३अ) खालील निवेदनाचे स्वरूप द्या. नोटिशीवर कर्जदाराने हरकत किंवा निवेदन दिले, तर बँकेने त्याचा विचार करून, ते अमान्य असल्यास १५ दिवसांत कारणांसह कळवले पाहिजे. आकड्यांत चूक असेल, भरलेली रक्कम जमा धरलेली नसेल किंवा दंड चुकीचा लावलेला असेल, तर ते याच निवेदनात येऊ द्या. दंडाबाबत हेही तपासा: २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार थकलेल्या हप्त्यावर दंड ‘आकार’ म्हणून लावता येतो, व्याजदरात भर घालून नव्हे, आणि त्या आकारावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. निवेदनाची पोच घ्या. शिक्का, तारीख, सही.

अखेर घर झेपणारच नाही असे हिशेबातून दिसले, तर ते स्वतः विका. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, पण चांगला ग्राहक आणला तर बँका संमती देतात. ग्राहकाची बँक तुमची बाकी थेट तुमच्या बँकेत भरते आणि उरलेली रक्कम तुमच्या हाती येते. लिलावात घर ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर विकले जाते, घेणारा आतून घर नीट पाहिलेला असतोच असे नाही, आणि बोली त्या धास्तीच्या हिशेबाने लागते. स्वतः विकलेल्या घराला बहुधा त्याहून चांगला भाव येतो.

प्रश्न (इचलकरंजी): माझ्या यंत्रमागाच्या धंद्यासाठी नागरी सहकारी बँकेकडून घेतलेल्या कर्जाला राहते घर आणि दीड एकर जमीन तारण आहे. मागच्या आठवड्यात बँकेचे लोक आले, दारावर कागद चिकटवून फोटो काढून गेले आणि दोन वर्तमानपत्रांत ‘ताबा सूचना’ छापून आली. आम्ही अजून घरातच राहतो. सहकारी बँकेला हा कायदा लागू होतो का? जमीनही जाईल का?

उत्तर: सहकारी बँकांना सरफेसी लागू होतो की नाही, यावर बरीच वर्षे वाद होता, आणि तो तुमच्याच जिल्ह्यातल्या प्रकरणावरून मिटला. पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये सहकारी बँकाही या कायद्याचा वापर करू शकतात, असा निर्णय दिला. त्यामुळे या मुद्द्यावर आता वेळ आणि वकिलाची फी घालवू नका.

दारावर चिकटवला गेला तो सांकेतिक ताबा आहे. कागदोपत्री ताबा बँकेकडे गेला, प्रत्यक्षात तुम्ही राहता आहात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, महानगरात मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज करते आणि आदेश झाला की पोलीस बंदोबस्तात कुलूप लागते. त्या दिवशी घरात म्हातारी माणसे आणि परीक्षेला बसलेली मुले असतात, हे मी पाहिलेले आहे. ती वेळ येऊ न देणे अजून तुमच्या हातात आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची संख्या ४५ आहे. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, अर्ज करता येतो. कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहे. मूळ कायद्यात या अर्जासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात ती रद्द ठरवली, म्हणून आज केवळ न्यायाधिकरणाचे शुल्क भरून दाद मागता येते. त्यावरच्या अपिलाला मात्र ५० टक्के रक्कम भरावी लागते, जी अपिलीय न्यायाधिकरण २५ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. तेव्हा सगळा भर पहिल्याच पायरीवर द्या. न्यायाधिकरणापुढे ‘धंदा मंदीत आहे’ एवढे सांगून चालत नाही. नोटीस योग्य पत्त्यावर बजावली का, तुमच्या निवेदनाला उत्तर दिले का, ताबा घेतल्यापासून सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, सूचना छापली का, येणे रकमेचा हिशेब बरोबर आहे का, अशा प्रश्नांवर तिथे निकाल फिरतो. ही कागदपत्रे क्रमाने लावून वकिलाकडे न्या. स्थगिती मिळाली तरी तिच्यासोबत काही रक्कम भरण्याची अट बहुधा येते, हे धरून चला.

जमिनीबद्दल: शेतजमिनीवरचे तारण कलम ३१ मुळे या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तथापि सातबाऱ्यावर शेती अशी नोंद आहे, एवढे पुरेसे नाही. जमीन प्रत्यक्ष शेतीखाली आहे हे कर्जदाराने दाखवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. त्या दीड एकरात ऊस उभा असेल तर पीकपाहणीची नोंद, कारखान्याला ऊस घातल्याच्या पावत्या, पाणीपट्टी हे सगळे जोडा. त्यात मागांची शेड उभी असेल तर या मुद्द्याची आशा धरू नका. शिवाय सरफेसीतून सुटलेली जमीन बँकेच्या अन्य मार्गांच्या वसुलीतून सुटते असेही नाही.

दरम्यान बँकेशी तडजोडीचे बोलणे बंद करू नका. नागरी सहकारी बँकांमध्ये ‘सामोपचार कर्ज परतफेड योजना’ किंवा एकरकमी परतफेड योजना असते. तुमच्या बँकेत सध्या चालू आहे का, ते लेखी विचारा. अशी तडजोड मागण्याचा हक्क कर्जदाराला नाही, ती बँकेच्या संचालक मंडळाच्या निर्णयावर असते, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही खरोखर पैसा आणणाऱ्याला बँका सहसा परत पाठवत नाहीत. तडजोडीच्या पत्रात एकूण रक्कम, भरण्याच्या तारखा, आणि पूर्ण भरणा झाल्यावर कोणतेही येणे राहणार नाही, हे शब्द असले पाहिजेत. शेवटच्या तारखेला एक दिवस उशीर झाला तरी पूर्ण सूट रद्द होऊ शकते. म्हणून माग विकून, नातेवाइकांकडून, जसा येईल तसा पैसा आधी जुळवा आणि मग सही करा. तडजोडीने मिटलेले खाते सिबिलच्या अहवालात पूर्ण फेडलेले म्हणून दिसत नाही आणि पुढचे कर्ज काही काळ अवघड होते. तुमच्या परिस्थितीत मी ते नुकसान सोसेन.

आणि लिलावाची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. पूर्वी विक्री प्रत्यक्ष पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येते असे मानले जाई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) बदलले आणि सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घेण्याचा हक्क संपतो. ‘लिलावाच्या दिवशी पैसे नेऊन टाकू’ असा सल्ला अजूनही गावोगाव दिला जातो. तो सल्ला जुन्या कायद्यातला आहे आणि त्यापायी घरे गेली आहेत.

प्रश्न (डोंबिवली): माझे पती सात महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले. गृहकर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर होते. आता बँक ‘तुम्ही कर्जदार म्हणून सही करा’ म्हणते. मुलगी बारावीत आहे. मी सही करावी का?

उत्तर: ताई, आज सही करू नका. आधी तीन कागद शोधा.

पहिला कागद म्हणजे मूळ कर्जकरार. त्यात तुमचे नाव सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नसेल, तर पतीच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर केवळ त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती येते. घर त्या कर्जाला तारण आहे, म्हणून ते टिकवायचे तर कर्ज फेडावे लागेलच. पण तुमच्या स्वतःच्या पगाराला, दागिन्यांना किंवा माहेरच्या जमिनीला बँक हात लावू शकत नाही. कर्जदार म्हणून नवी सही केली की हे संरक्षण तुम्ही स्वतःहून सोडून देता. सहकर्जदार असाल तर मात्र पूर्ण जबाबदारी तुमच्यावरही आहे.

दुसरा कागद कर्ज सुरू झाले त्या महिन्याचा खातेउतारा. पुष्कळ बँका आणि गृहवित्त कंपन्या कर्ज देताना एकरकमी विमा हप्ता कर्जातच मिळवतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. उताऱ्यात मंजूर रकमेशेजारी काही हजारांची एखादी वेगळी नोंद आणि विमा कंपनीचे नाव दिसले, तर कर्जसुरक्षा विमा आहे असे समजा आणि ताबडतोब दावा दाखल करा. पॉलिसी तीन वर्षांहून जुनी असेल, तर विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे ‘आजार लपवला होता’ असे कारण देऊन कंपनी ती अमान्य करू शकत नाही. दावा नाकारला तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत.

तिसरा कागद पतीचे बँक पासबुक आणि पगारपत्रक. पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची नोंद असते आणि त्यातून २ लाख रुपये मिळतात. ते नोकरीत असताना गेले असतील आणि भविष्य निर्वाह निधीचे सदस्य असतील, तर त्याच्याशी जोडलेल्या विमा योजनेतून पगारानुसार ७ लाखांपर्यंत रक्कम वारसांना मिळते.

दाव्यांचा निकाल लागेपर्यंत व्याज चढत राहते. म्हणून मृत्यूचा दाखला आणि दाव्याची पोच जोडून, निकाल लागेपर्यंत कारवाई थांबवावी, असा लेखी अर्ज बँकेला आजच द्या. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका: विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तिथे संकोच करू नका. ही मदत तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे.

प्रश्न (बार्शी): माझे कर्ज पतसंस्थेचे आहे. वसुली अधिकारी ‘एकशेएकचा दाखला मिळाला’ म्हणतात. यात सरफेसीचे ६० दिवस मिळतात का?

उत्तर: नाही. पतसंस्था बँक नसल्याने तिचा मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतात आणि कलम १५६ व नियम १०७ नुसार जप्ती व लिलाव होतो. दाखला देण्याआधी निबंधकांनी तुम्हाला सुनावणीची नोटीस काढलेली असते. ती तारीख तुम्ही चुकवली असावी, असे पत्रावरून वाटते. आता दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावी लागते. तेवढी रक्कम हाती असेल तर ती वादात गुंतवण्याऐवजी संस्थेशी हप्ते बांधून घेण्यासाठी वापरावी, असा माझा सल्ला आहे, अर्थात हिशेब मुळातच खोटा नसेल तर. लिलाव झाला तरी ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून मागण्याची सोय नियम १०७ मध्ये आहे. सरफेसीत अशी सोय उरलेली नाही.

प्रश्न (नाशिक): वसुलीची माणसे रात्री नऊला फोन करतात, शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या चेअरमनना सांगतात. आम्ही थकबाकीदार आहोत, म्हणून हे सोसायचे का?

उत्तर: मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. कर्जदाराचा, त्याच्या कुटुंबीयांचा किंवा मित्रांचा चारचौघांत अपमान करणे, धमकावणे हेही निषिद्ध आहे, आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच राहते. फोनची वेळ दाखवणारी नोंद आणि संदेश जपून ठेवा, बँकेच्या तक्रार कक्षाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करा. धमकी दिली असेल तर पोलीस ठाण्यात जा. लोकपाल तुमची थकबाकी माफ करणार नाहीत, तेव्हा हप्त्याचा प्रश्न वेगळा सोडवावाच लागेल, पण घरी येणारे फोन थांबतील.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): मुलाची नोकरी गेली असून दोन महिन्यांचे हप्ते राहिले आहेत. इथे ‘फोरक्लोजर’ होईल अशी भीती आहे. मी पुण्याच्या बँकेत विचारले, तर ते म्हणाले, फोरक्लोजर तर चांगले असते! हा काय प्रकार आहे?

उत्तर: शब्द एक, अर्थ दोन. आपल्याकडे बँकेच्या काउंटरवर फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी सगळे कर्ज फेडून खाते बंद करणे. अमेरिकेत त्याचा अर्थ थकलेल्या कर्जापोटी घर काढून घेणे. त्यामुळे भारतातल्या नातेवाइकांचा सल्ला या बाबतीत घेऊ नका, माझाही जपूनच घ्या.

जे निश्चित आहे ते सांगतो. तिथल्या केंद्रीय नियमांनुसार राहत्या घराचा हप्ता १२० दिवसांहून अधिक थकल्याशिवाय कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला फोरक्लोजरची कारवाई सहसा सुरू करता येत नाही. तुमचे साधारण ६० दिवस झाले आहेत, म्हणजे उरलेला वेळ सवलतीच्या अर्जासाठी वापरायचा आहे. काही महिने हप्ता थांबवणे, थकबाकी पुढच्या हप्त्यांत वाटून घेणे, कर्जाच्या अटी कायमच्या बदलून घेणे, किंवा बाकीपेक्षा कमी किमतीला घर विकण्याची परवानगी घेणे, असे पर्याय तिथे असतात. अर्ज सर्व कागदांसह पूर्ण असणे फार महत्त्वाचे आहे; लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज पोहोचला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत कंपनीला घर विकता येत नाही. न्यू जर्सीत ही कारवाई न्यायालयातूनच होते आणि तिथल्या न्यायालयांचा मध्यस्थीचा कार्यक्रमही आहे, तेव्हा आलेल्या समन्सला उत्तर दिल्याशिवाय राहू नका. अमेरिकी गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेले सल्लागार घर वाचवण्याचा सल्ला मोफत देतात, मुलाने या आठवड्यातच त्यांची भेट ठरवावी. ‘आधी दोन हजार डॉलर भरा, तुमचे घर वाचवून देतो’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा; कर्जदात्याकडून लेखी प्रस्ताव मिळवून देण्याआधी अशी फी घेणे तिथल्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे.

चिंचवडच्या वाचकांनी पत्रासोबत नोटिशीची प्रत पाठवली होती. तिच्या दुसऱ्या पानावर मार्चमधला एक हप्ता जमा धरलेला दिसत नाही, पण त्यांनी जोडलेल्या खातेउताऱ्यात तो गेलेला आहे. निवेदनात हा मुद्दा पहिल्या परिच्छेदातच घ्यावा आणि उताऱ्याच्या त्या पानाची प्रत जोडावी. बँकेचे उत्तर आले की तेही मला पाठवावे.